स्वप्नातील सराव : एक चिकित्सा

निद्रेतच ‘आपण स्वप्न पाहत आहोत’ अशी जाणीव व्हावी आणि स्वप्नातील कृतींना इच्छेने वळण देता यावे, या अवस्थेस सजग स्वप्न असे म्हणता येईल. १९७५ मध्ये इंग्लंडात कीथ हर्न यांनी, आणि पुढे स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी, झोपलेल्या व्यक्तीकडून नेत्रचालनाचे पूर्वनियोजित संकेत मिळवून तिचे अस्तित्व सिद्ध केले. तेव्हा प्रश्न या अवस्थेच्या खरेपणाचा नाही. क्रीडापटूस तिचा उपयोग किती, हा आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोलाय यांनी हा उपयोग मोठा मानला; परंतु त्यांचा आधार मुख्यतः खेळाडूंच्या निवेदनांचा होता. डानिएल एर्लाखर व मिखाएल श्रेडल यांनी त्यास प्रयोगाची जोड दिली, हे त्यांचे श्रेय निःसंशय होय. २०१० च्या त्यांच्या प्रयोगात नाणे दुरून पेल्यात टाकण्याचे काम होते. स्वप्नात सराव करण्यास सांगितलेल्या वीस जणांपैकी सातांनाच तो साधला, आणि त्या सातांची सकाळची कामगिरी सुधारली. परंतु हे सात चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. स्वप्नानेच त्यांना निवडले. ज्यास सजगता साधते त्याची चिकाटी वा कल्पनाशक्ती मुळातच अधिक नसेल कशावरून?

२०१६ मध्ये स्टंब्रिस यांच्यासह केलेल्या अभ्यासात बोटांच्या क्रमबद्ध हालचालींत स्वप्नसरावाने सुमारे २०, प्रत्यक्ष सरावाने १७ व जागेपणीच्या मानससरावाने १२ टक्के सुधारणा दिसली. हे आकडे ठसठशीत दिसतात खरे. परंतु या तीन गटांतील फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता. म्हणजे जागेपणीच्या कल्पनेहून स्वप्न वरचढ आहे, असा निष्कर्ष यावरून निघत नाही.

याहून मूलगामी शंका दोषदुरुस्तीची आहे. स्वप्नातील बाण फलकावर कोठे लागला, हे फलक नव्हे, तर फेकणाऱ्याचेच मन ठरविते. २०१७ च्या बाणफेकीच्या प्रयोगात स्वप्नात फारसे व्यत्यय न आलेल्या चौघांचीच कामगिरी सुधारली. मल्लखांबावरील अवगत उडीची उजळणी स्वप्नात होऊ शकेल. कबड्डीतील चढाईची कशी व्हावी? तेथील प्रतिस्पर्धी चढाईपटूच्याच मनाने घडविलेला असल्यामुळे त्यास अनपेक्षित असे काही करणे अवघडच.

नाशिकचे भीष्मराज बाम (मृत्यू २०१७) यांनी अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजांना योगाधिष्ठित मानसिक सराव शिकविला, तो जागेपणीचा. तो हवा तेव्हा थांबविता येतो, मार्गदर्शकास दाखवून सुधारताही येतो. सजग स्वप्नासाठी मात्र पहाटे झोप मोडून पुन्हा निजण्याची पद्धत वापरावी लागते. भिवंडीनजीक वळसारख्या गोदामांच्या गावात रात्रपाळी करून मैदानावर उतरणाऱ्या तरुणास ही पद्धत सुचविण्यापूर्वी, तेवढीच झोप मोडूनही स्वप्नसराव न करणारा एक गट तुलनेस घेतला पाहिजे.