दोन स्वयंपाकघरे

शास्त्रज्ञांनी उतारवयात लिहिलेली पुस्तके मी जरा सावधपणेच उघडतो. ज्यांनी आयुष्यभर एकेक विधान तोलूनमापून केले, ती माणसे निवृत्त झाली की एकाएकी आत्मा आणि ईश्वर ह्यांविषयी बोलू लागतात. आणि आपणही त्यांच्या पिकल्या केसांकडे पाहून मान डोलावतो. डॉ. वाइल्डर पेनफील्ड ह्यांचे ‘द मिस्टरी ऑफ द माइंड’ हे १९७५ साली निघालेले लहानसे पुस्तक मी अशाच धास्तीने हाती घेतले होते. लेखकाचे वय तेव्हा ८४. पुस्तक मिटले तेव्हा धास्ती उरली नव्हती. पण तिच्या जागी एक शंका येऊन बसली होती, आणि ती काही केल्या उठेना. तिचीच ही हकीकत.

पेनफील्ड जन्माने अमेरिकन, कर्माने कॅनडाचे. १८९१ साली स्पोकेन ह्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते, पण त्यांचा धंदा बसला, आणि आई मुलांना घेऊन विस्कॉन्सिनमधल्या हडसनला निघून आली. ह्या आईला पेनफील्ड पुढे वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिले आणि तिने ती जपून ठेवली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, प्रसिद्ध झालेले ‘नो मॅन अलोन’ हे आत्मचरित्र ह्या पत्रांच्याच आधाराने उभे आहे.

ऑक्सफर्डला शेरिंग्टनसारखा गुरू लाभला आणि मज्जासंस्थेचे वेड लागले ते कायमचे. मात्र त्यांना छळणारा प्रश्न दिसायला अगदी साधा होता: मेंदूला जखम झाली, की ती भरते कशी? त्यासाठी १९२४ साली ते माद्रिदला रिओ ऑर्तेगा ह्यांच्याकडे गेले आणि मज्जापेशींना आधार देणाऱ्या बारीक पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विद्या शिकून आले. १९२८ साली ते ब्रेस्लाऊला फर्स्टर ह्यांच्याकडे काही महिने राहिले. पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेले सैनिक फर्स्टरकडे येत. जखम केव्हाच भरलेली असे; पण मागे राहिलेला व्रण आकसत जाऊन भोवतालच्या मेंदूला ओढू लागे, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाला फेफरे येई. अशी त्या दोघांची मीमांसा होती. फर्स्टर तो व्रण कापून काढीत, आणि तेही रोगी जागा असताना. मेंदूला स्वतःला वेदना नसते. वरची कातडी बधिर केली की पुरते.

हीच रीत पेनफील्डनी माँट्रियलला नेली आणि तिथे १९३४ साली आपली संस्था उभी केली. उघड्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करायचा आणि रोग्यालाच विचारायचे, काय झाले? अंगठा हलला, जीभ बधिर झाली, डोळ्यांपुढे उजेड चमकला. जसे उत्तर येईल तशी मेंदूच्या त्या जागेवर आकड्याची बारीक चिठ्ठी ठेवायची. रोगाचे मूळ शोधता शोधता मेंदूचा नकाशा तयार होत गेला.

आपल्याकडे फेफरे म्हटले की अजूनही कुणी कांदा हुंगवतो, कुणी चामड्याची चप्पल नाकाशी धरतो, कुणी हळूच ‘बाहेरचे’ म्हणतो. ग्रीकांनाही हा रोग दैवी वाटे. तो इतर रोगांहून अधिक दैवी नाही, असे हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथाने बजावले. पेनफील्डनी १९६० साली ह्या हिपोक्रेटिसवर ‘द टॉर्च’ नावाची कादंबरी लिहिली. त्यांच्या ललित लेखनाचा मी फारसा चाहता नाही. पण त्या वैद्याशी आपले नाते आहे असे त्यांना का वाटले असेल, हे कळते.

ललित लेखक म्हणून पेनफील्ड मला भेटतात ते कादंबरीत नव्हे, तर निरीक्षणांच्या टिपणांत. तिथे दोन स्वयंपाकघरे आहेत.

पहिले स्वयंपाकघर एका रुग्ण स्त्रीच्या आठवणीतले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती जागी पडून आहे. कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागाला तारेचा स्पर्श होतो, आणि ती एकदम आपल्या स्वयंपाकघरात असते. बाहेर अंगणात तिचा लहान मुलगा खेळतो आहे. त्याचा आवाज तिला ऐकू येतो. इतकेच नव्हे, तर रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींचे आवाजही येतात, आणि त्यांपासून पोराला अपाय तर होणार नाही ना, ही धाकधूकही त्या आवाजांना चिकटून येते. आपण टेबलावर आहोत हेही तिला त्याच क्षणी ठाऊक असते. आईचा कान एकाच वेळी चुलीकडे आणि अंगणाकडे कसा असतो, हे एखाद्या कसलेल्या कथाकारालाही इतक्या थोडक्यात साधले नसते.

अशा प्रसंगांवरून पेनफील्डनी निष्कर्ष काढला, की अनुभवाची नोंद मेंदूत ध्वनिफितीसारखी साठून राहते. लोकांना ही कल्पना फार आवडली. पण १९६३ साली पेरो ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी सगळा हिशेब मांडला, तेव्हा ज्या ५२० जणांच्या कानशिलाजवळच्या भागाची तपासणी झाली होती, त्यांतल्या फक्त ४० जणांना असे अनुभव आले होते. ह्या आठवणी जशाच्या तशा नोंदी नसून स्वप्नासारख्या नव्याने जुळवलेल्या असाव्यात, असे पुढच्या अभ्यासकांनी म्हटले. मलाही तेच पटते. तरीही ४० चा आकडा पेनफील्डनी झाकला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे स्वयंपाकघर त्यांच्या सख्ख्या बहिणीचे.

रूथला झटके येत आणि डोके दुखे. १९२८ च्या डिसेंबरात, माँट्रियलला येऊन थोडेच महिने झालेले असताना, पेनफील्डनी स्वतः तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. गाठ मोठी होती, आणि माद्रिदला ज्या पेशी रंगवायला ते शिकले होते त्यांतल्याच एका जातीची. उजव्या बाजूचा कपाळामागचा मेंदूचा भाग जवळजवळ सगळा काढावा लागला. तरीही गाठ पुरती निघाली नाही. रूथ मात्र बरी होऊन आपल्या मुलाबाळांत परत गेली. सव्वा वर्षाने भाऊ तिच्याकडे जेवायला आला. घरची चार माणसे आणि हा एक पाहुणा. तिला कोण आनंद! सगळा दिवस हाताशी होता. जेवायची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. सामान सगळे समोर होते, एकदोन पदार्थ शेगडीवर होते. पण सॅलड झाले नव्हते, मांस शिजायला घातलेच नव्हते, आणि ती एकटीच मधे गोंधळून, कासावीस होऊन उभी होती. कुणीतरी मदतीला गेले आणि स्वयंपाक भराभर उरकला. पंगतीला रूथ पूर्वीसारखीच बोलत होती, हसत होती. पुढे १९३१ साली ती गेली. १९३५ साली ‘ब्रेन’ ह्या नियतकालिकात पेनफील्ड आणि इव्हान्स ह्यांनी ह्या संध्याकाळची नोंद प्रसिद्ध केली. त्या नोंदीत उसासा नाही, अलंकार नाही. शेगडीवर काय होते आणि काय नव्हते, एवढेच आहे.

हा प्रसंग कळायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या घरात फराळ होतो, तिथे तो लगेच कळेल. भाजणी आधी दळून आणायची, सारण निवेपर्यंत पीठ भिजवायचे, चिवडा शेवटी. चकली तळता येणे वेगळे आणि हे सगळे वेळेवर ताटात येणे वेगळे. रूथला पदार्थ येत होते, चवही कळत होती. हरवले होते ते ‘आधी काय, मग काय’ हे ठरवणे.

माझी शंका उठली ती इथे. ‘द मिस्टरी ऑफ द माइंड’मध्ये पेनफील्डचा युक्तिवाद असा: विजेच्या स्पर्शाने मी रोग्याचा हात हलवू शकतो, पण तो म्हणतो की हे मी केले नाही, तुम्ही केलेत. स्पर्शाने आठवण जागी होते, सूर ऐकू येतो. पण एखादी गोष्ट रोग्याने मानावी किंवा ठरवावी, असे कधी घडले नाही. तेव्हा ठरवणारे मन मेंदूहून निराळे असावे, असे समजणे अधिक सोपे. ते ह्याला सिद्धान्त म्हणत नाहीत. ही त्यांची सभ्यता आहे. पण तारेने निर्णय उमटत नाही, एवढ्यावरून निर्णय मेंदूचा नव्हे असे कसे ठरते? सतारीच्या एका तारेला काडी लावून राग वाजत नाही, म्हणून राग सतारीबाहेर आहे असे आपण म्हणू का? त्यांच्या बहिणीच्या मेंदूचा एक भाग गेला आणि त्याबरोबर ठरवण्याची शक्ती लंगडी झाली. ज्या मुद्द्यावर पुस्तक उभे आहे, त्याविरुद्धचा साक्षीदार लेखकाने चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच उभा केला होता. पुढे तारेचाही कौल बदलला. २००९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी जागेपणी शस्त्रक्रिया झालेल्या सात रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. मेंदूच्या एका मागच्या भागाला स्पर्श होताच हात हलवावा, बोलावे, अशी इच्छाच त्यांतल्या काहींच्या मनात उत्पन्न झाली होती.

मग हा इतका काटेकोर माणूस तिथे का पोचला? मला वाटते, उत्तर त्याच संध्याकाळी आहे. शेगडीपाशी गोंधळलेली रूथ एका शास्त्रज्ञाने पाहिली. पंगतीत हसणारी रूथ एका भावाने पाहिली. एवढा मेंदू आपल्या हातांनी काढला, तरी ताई ताईच राहिली! त्या हसण्याचा हिशेब नकाशात बसेना. माझ्या मते तो युक्तिवाद चुकला. पण ज्या आश्चर्यातून तो निघाला ते खोटे नव्हते.

मेम्फ्रेमेगॉग सरोवराकाठच्या आपल्या शेतावर पेनफील्डनी १९३० नंतरच्या दशकात एका खडकावर चित्र रंगवले होते: एका बाजूला ग्रीक भाषेतला चैतन्यवाचक शब्द आणि मशाल, दुसऱ्या बाजूला माणसाचे मस्तक, आणि दोहोंना जोडणारी अखंड रेघ. १९७६ साली ते वारले. त्याआधी काही महिने हा वृद्ध शस्त्रवैद्य अंगावर लोकरीचे कपडे चढवून, रंगाचा डबा घेऊन पुन्हा त्या खडकापाशी गेला आणि त्याने ती अखंड रेघ तुटक केली. रेघ त्याने पुसली नाही. पुस्तकापेक्षा मला ही तुटक रेघ अधिक प्रामाणिक वाटते.