उद्योगसंस्थेचे दातृत्व आणि कामगाराची वर्तणूक

उद्योगसंस्थेने समाजासाठी काही केले की तिच्या नोकरांची निष्ठा वाढते, हा सिद्धान्त व्यवस्थापनशास्त्रात आता जवळजवळ गृहीत धरला जातो. त्याच्या मुळाशी तादात्म्याची कल्पना आहे: संस्थेची कीर्ती ती आपलीच, असे मानणारा मनुष्य अधिक मन लावून काम करतो. कल्पना खोटी नव्हे. परंतु तिचा पुरावा बहुतांशी प्रश्नावलींतून येतो. आणि ‘आपल्या संस्थेचा आपणांस अभिमान वाटतो काय?’ या प्रश्नाला नोकरीत असलेला मनुष्य दुसरे काय उत्तर देणार?

प्रत्यक्ष वर्तन तपासले असता चित्र पालटते. व्हेनेसा बरबॅनो यांच्या २०१६ मधील प्रयोगांत, इंटरनेटवरून तात्पुरते काम घेणाऱ्यांना मालकाच्या समाजकार्याची माहिती मिळताच त्यांची वेतनाची अपेक्षा खाली आली. याला निष्ठा म्हणावे, की मालकाच्या दानाचा भार कामगाराने उचलला असे म्हणावे? जॉन लिस्ट व फातेमेह मोमेनी यांचा २०२१ मधील निबंध तर याहून अडचणीचा आहे. तीन हजारांहून अधिक कामगार नेमून केलेल्या त्यांच्या प्रयोगात, कामाला दातृत्वाची जोड देताच कामचुकारांचे प्रमाण २४ टक्क्यांनी वाढले. एका सत्कृत्याच्या बळावर मन दुसऱ्या लबाडीस मुभा देते, अशी त्यांची उपपत्ती आहे. गंगास्नान करून आलेल्या सावकाराचे व्याज कमी होत नाही, हे आपल्याकडे प्रयोगावाचूनही ठाऊक होते!

हे प्रयोग अल्पकालीन कामाचे. दीर्घ नोकरीस ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. त्यासाठी जमशेदपूरचा इतिहास पाहावा. टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला, भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये. या निधीचा कायदा व्हावयास १९५२ उजाडले. तरीही १९२८ मध्ये नोकरकपातीवरून तेथे दीर्घ संप झाला. त्यास कृतघ्नता म्हणणे उथळपणाचे होईल. रुग्णालय व निधी यांचे मोल कामगार जाणून होता; नोकरीच्या शाश्वतीचा मोबदला म्हणून मात्र तो ते स्वीकारावयास तयार नव्हता.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावयास सांगते. स्वतःच्या नोकरांच्या हिताचा खर्च त्यात धरता येत नाही. म्हणजे गावात शाळा बांधली जाते आणि निष्ठेची अपेक्षा कारखान्यातील माणसाकडून होते. या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्याने त्या २ टक्क्यांच्या हिशोबाबरोबर त्याच आवारातील कंत्राटी कामगारांचे वेतनपत्रकही मागवावे, आणि प्रश्नावली त्यानंतर वाटावी.