नर्मदची चतुःसीमा

खरेदीखत हाती आले की वकिलाची नजर प्रथम चतुःसीमेकडे जाते. सुरतेच्या कवी नर्मदने ‘जय जय गरवी गुजरात’ या गीतात आपल्या प्रांताची चतुःसीमा देवस्थानांनी आखली आहे: उत्तरेस अंबामाता, पूर्वेस कालिका, दक्षिणेस कुंतेश्वर, पश्चिमेस सोमनाथ व द्वारकाधीश. १८७३ च्या ‘नर्मकोशा’च्या आरंभीचे हे गीत, गुजरात राज्य झाले १९६० साली. सिद्धराजाचे वैभव आठवूनही उद्याचे रंग त्याहून सरस होतील, असे कवी म्हणतो. अभिमानाची ही दृष्टी पुढची आहे, हाच गीताचा मोठा गुण.

मात्र चतुःसीमा म्हणजे मालकी नव्हे. देवळे पाहून ‘भूमी केवळ आमची’ असा अर्थ कोणी काढील, तर तो फसेल. मालकीचा निवाडा नर्मदने ‘कोनी कोनी छे गुजरात’ या कवितेत स्वतंत्रपणे दिला आहे: या भूमीने ज्यांस वाढविले व जे तिचे हित चिंतितात, ते परके वा परधर्मीय असले तरी बंधूच. सुरतेतील आम्हां मराठी जनांचा हक्क याच कलमाखाली येतो. आपल्या दारी आलेल्यास तेच कलम नाकारण्याचा अधिकार मग आपणांस उरत नाही.