‘स्थायी समिती’ : एक संज्ञा, तीन अधिकार

नांदेड किंवा लातूर येथील पदव्युत्तर वर्गात ‘स्थायी समिती’ हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्याच्या मनापुढे प्रथम उभी राहते ती महानगरपालिकेची समिती. ते स्वाभाविकच होय. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्ये आणि लातूरची २०११ मध्ये अस्तित्वात आली. १९४९ च्या अधिनियमान्वये सोळा नगरसेवकांची ही समिती कंत्राटांना मंजुरी देते व अंदाजपत्रक तपासून सभेपुढे ठेवते. तिच्या सभापतिपदाची चुरस तर शहरात सर्वांच्याच परिचयाची. हीच संज्ञा मराठी राज्यशास्त्रीय लेखनात भारतीय संसदेच्या आणि अमेरिकन काँग्रेसच्या समित्यांनाही सरसकट लावली जाते. शब्द एक, पण त्यामागील अधिकार तीन प्रकारचे. हा भेद जेथे उलगडत नाही तेथे भाषांतर झालेले असते, विवेचन नव्हे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत या समित्यांचा नामनिर्देशही नाही. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात काँग्रेसच्या कायदे करण्याच्या अधिकाराचे विषय मोजून दिले आहेत. पाचव्या कलमात प्रत्येक सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम ठरविण्याची मुभा आहे. समित्या जन्मास आल्या त्या या दुसऱ्या, वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या, तरतुदीतून. तथापि १८८५ मध्येच वुड्रो विल्सन यांना काँग्रेसच्या कारभाराचे खरे केंद्र समित्यांत आढळले. कारण उघड आहे. प्रतिनिधिगृहात आलेले विधेयक समितीकडे जाते, आणि तिने ते हाती घेतलेच नाही तर बहुधा तेथेच संपते. सोडवून आणावयाचे तर २१८ सदस्यांच्या सह्या मिळवाव्या लागतात. १९२७ च्या मॅकग्रेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौकशीचा अधिकार हा कायदे करण्याच्या अधिकाराचेच अंग मानला. मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात, तेव्हा त्यांना जाब विचारण्याची जागाही हीच.

भारतीय संसदेतही समित्यांचे मूळ नियम करण्याच्या अधिकारात, म्हणजे अनुच्छेद ११८ मध्ये, आहे. साम्य एवढेच. १९८९ मध्ये तीन विषय-समित्या निघाल्या होत्या; १९९३ मध्ये, लातूरचे खासदार शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, सतरा विभागनिहाय स्थायी समित्या स्थापन झाल्या. २००४ मध्ये त्यांची संख्या चोवीस झाली. मंत्र्यांना त्यांत स्थान नाही, अनुदानांच्या मागण्यांची छाननी त्या करतात. ही सुधारणा मोलाची खरीच. परंतु पीठासीन अधिकाऱ्याने सोपविल्याखेरीज विधेयक त्यांच्याकडे येत नाही, आणि त्यांच्या शिफारशी केवळ सल्ल्याच्या स्वरूपाच्या असतात.

या मर्यादेचा प्रत्यय पहिल्याच वर्षी आला. मे १९९३ मध्ये मांडलेले मानवी हक्क आयोगाचे विधेयक गृहविषयक समितीकडे सोपविण्यात आले. असे असताना २८ सप्टेंबर १९९३ रोजी निकडीच्या कारणास्तव अध्यादेश काढण्यात आला. अधिनियम १९९४ मध्ये झाला. त्या वेळी गृहमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. समित्यांचा आरंभ लातूरच्या अध्यक्षांच्या काळातला, आणि शासनाच्या निकडीची कसोटी नांदेडच्या मंत्र्यांच्या खात्यात, असा हा योगायोग मराठवाड्यातील अभ्यासकाने तरी नजरेआड करू नये. अध्यादेशाचा मार्ग अनुच्छेद १२३ ने खुला ठेवला आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला त्या स्वरूपाचा अधिकार घटनेने दिलेला नाही. पुढे विधेयके समितीकडे पाठविण्याची प्रथाही क्षीण झाली. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के.

‘स्थायी’ या विशेषणातून यांपैकी काहीच सूचित होत नाही. ते मुदत सांगते, अधिकार सांगत नाही. आणि मुदतीच्या बाबतीतही ते पुरते प्रामाणिक नाही, कारण १९९३ च्या नियमांनी सदस्यांचा कार्यकाल एकाच वर्षाचा ठेवला होता. याउलट महाराष्ट्र विधिमंडळात रूढ असलेली ‘संयुक्त चिकित्सा समिती’ ही संज्ञा पाहावी. ती तात्पुरत्या समितीची आहे, पण समितीचे काम नावातच सांगते. संसदेच्या विभागनिहाय समित्यांना ‘चिकित्सा’ हा शब्द अधिक शोभला असता. अमेरिकन समितीला मात्र तोही अपुरा पडेल. ती विधेयकाची चिकित्सा करतेच, पण त्याला दारातच अडवूनही ठेवू शकते, आणि या अडविण्याला मराठीत अद्याप पारिभाषिक नाव रूढ झालेले नाही.