न दिसणे आणि नसणे : उदयनाचार्यांची ढाल कुठवर पुरते?

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली प्रमाणं पाहिली. शेवटी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, एवढी प्रमाणं आहेत, तर देवाला पुरावा आहे की नाही तेवढं सांगा ना." वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही हसून टाळलं. टाळायला नको होतं. आजचा तास त्या प्रश्नासाठी आहे.

'आहे' किंवा 'नाही' असं एका शब्दाचं उत्तर मात्र मिळणार नाही. आम्हाला आज एवढंच तपासायचं आहे की पुरावा सापडला नाही, एवढ्यावरून 'देव नाही' असं म्हणता येतं का, आणि येत असेल तर कोणत्या देवाबद्दल. आपल्याकडचे आस्तिक आणि नास्तिक दोघेही या प्रश्नावरून उडी मारून पलीकडे जातात. खाली काय आहे ते बघत नाहीत.

यासाठी ग्रंथ घेतला आहे उदयनाचार्यांचा 'न्यायकुसुमांजली'. उदयन मिथिलेचे, काळ साधारण हजार वर्षांपूर्वीचा. ईश्वर आहे हे युक्तिवादाने सिद्ध करण्यासाठीच लिहिलेला हा ग्रंथ. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका आहे. ते जगन्नाथपुरीला गेले तेव्हा मंदिराचं दार बंद होतं. म्हातारबुवा चिडले आणि देवालाच सुनावलं : वैभवाने माजून माझा अपमान करतोस, पण बौद्ध चालून येतात तेव्हा तुझं अस्तित्व माझ्यावर अवलंबून असतं! गोष्ट खरी की खोटी हे सोडून द्या. सर्वशक्तिमानाला वकील लागतो, आणि वकिलाला ते ठाऊक असतं, ही त्यातली गंमत आहे. पण याच माणसाने ग्रंथाच्या अखेरीस काय मागितलं आहे पाहा. इतकं समजावूनही ज्यांच्या दगडासारख्या मनात तू शिरत नाहीस, ते तुझा विरोध करण्यासाठी का होईना तुझंच चिंतन करत होते, तेव्हा दयाळा, त्यांनाही वेळ आल्यावर तार, अशी ती प्रार्थना आहे. प्रतिपक्षासाठी अशी प्रार्थना करणारा वादपटू आम्हाला दुसरा माहीत नाही. आजच्या चर्चांमध्ये तर नाहीच.

आता मुद्द्याकडे. तिसऱ्या स्तबकात चार्वाक उभा राहतो आणि म्हणतो, ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही. उदयन विचारतात, अरे, तू घरातून बाहेर पडलास की तुझी बायको, मुलं, पैसाअडका तुला दिसत नाहीत. मग ती सगळी नाहीशी झाली असं समजून तू रस्त्यातच छाती पिटून रडत का नाहीस? संध्याकाळी घरी परत कशाला जातोस?

श्रोते हसतात, आपणही हसलात. पण विनोदाखाली फार काटेकोर विचार आहे. नैयायिकांची संज्ञा आहे 'योग्यानुपलब्धी'. या टेबलावर पाण्याचा पेला नाही, असं आम्ही खात्रीने म्हणतो. का? कारण पेला असता तर दिसला असता. उजेड आहे, डोळे बरे आहेत (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे), पेला ही दिसण्याजोगी वस्तू आहे. इथे न दिसणं हा नसण्याचा पुरावा होतो. पण पेला असेल तर त्यातल्या पाण्यात जंतू नाहीत, असं नुसत्या डोळ्यांनी बघून म्हणता येत नाही. जंतू डोळ्यांना दिसण्यायोग्यच नाहीत. म्हणजे 'असतं तर दिसलं असतं' हे वाक्य जिथे खरं असेल तिथेच 'दिसत नाही, म्हणून नाही' हे वाक्य बोलता येतं. ईश्वर इंद्रियांना दिसण्यायोग्य नाही असं तुम्हीच मानता ना, मग त्याच्या न दिसण्याने काय सिद्ध केलंत? ही उदयनांची ढाल.

ती भक्कम आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. आमच्या तरुणपणी पुण्याच्या चहाच्या दुकानांत 'दाखवा तुमचा देव' म्हणून टेबलावर हात आपटणारे पुष्कळ मित्र होते. आम्हीही आपटला आहे. हजार वर्षांपूर्वी उत्तर दिलेला प्रश्न आपण नवा म्हणून विचारतोय, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पण ढालीचं काम वार अडवण्याचं. ढाल हातात आहे म्हणून गड ताब्यात आला असं होत नाही. उदयनांच्या तीनेकशे वर्षं आधी बौद्ध धर्मकीर्तीने हेच सांगून ठेवलं होतं, आणि जास्त प्रामाणिकपणे. जे दिसण्यायोग्य नाही, ते दिसलं नाही तर हाती काय लागतं? त्याचं उत्तर : संशय. अभाव नाही, तसा भावही नाही. आजचा भाविक उदयनांचं अर्धं वाक्य घेतो. 'तुम्ही नाही म्हणून सिद्ध करू शकत नाही' असं म्हणतो आणि 'म्हणून आहे' हे मनातल्या मनात जोडून टाकतो. उदयनांनी स्वतः ही चूक केलेली नाही. म्हणून तर त्यांना पाचव्या स्तबकात स्वतंत्र आठ अनुमानं मांडावी लागली.

आठांपैकी खरा भार पहिल्यावर आहे. पृथ्वी वगैरे कार्यं आहेत. कार्याला कर्ता लागतो, घड्याला कुंभार लागतो तसा. म्हणून जगाला कर्ता आहे. यावर कुमारिल भट्टांनी आधीच विचारलं होतं, त्या कर्त्याला शरीर होतं का, आणि करुणेपोटी जग केलं म्हणता, तर करुणा करायला तेव्हा होतं कोण? कुमारिल वेदांना जिवापाड मानणारे, हे विसरू नका. नास्तिक म्हणून त्यांना झटकता येत नाही. धर्मकीर्तीचा आक्षेप तर एका वारुळाचा आहे. मातीला आकार आहे एवढ्यावरून कर्ता ठरवायचा असेल, तर वारूळसुद्धा कुंभाराने केलं म्हणावं लागेल. घडा आणि कुंभार आपण जोडीने पाहिलेले असतात, म्हणून घड्यावरून कुंभाराचं अनुमान करतो. जगं तयार होताना कोणी पाहिली आहेत? उदयनांना हे आक्षेप माहीत होते, त्यांनी उत्तरंही दिली. आमच्या मते ती पुरत नाहीत. दृष्टान्त पाहिलेल्या गोष्टींचा आणि निष्कर्ष कधीच न पाहता येणाऱ्या गोष्टीचा, ही फट त्यांच्याच्याने बुजली नाही. यावर आम्ही पूर्वी सविस्तर बोललो आहोत, म्हणून पुढे जातो.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ही ढाल ज्याच्यासाठी केली तो देव कोणता? जगाचा अदृश्य, अशरीरी कर्ता. आणि आपण सकाळी उठून हात जोडतो तो? तो परीक्षेत पास करतो, सून आणून देतो, ताप उतरवतो. तो नवसाला पावतो. पावणं ही दिसण्यायोग्य गोष्ट आहे बरं का! देव अदृश्य असेल, पण उतरलेला ताप थर्मामीटरवर दिसतो. इथे 'असता तर दिसलं असतं' हे वाक्य पुन्हा लागू होतं आणि उदयनांची ढाल बाजूला पडते.

21 सप्टेंबर 1995 आठवा. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. आमच्याही गल्लीत होती. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण समजावून सांगितला, दूध मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं हे रंग घालून दाखवलं. ते सोपं प्रकरण होतं. अवघड प्रकरण 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं. सहा रुग्णालयांतले हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झालेले 1802 रुग्ण घेऊन तीन गट केले. दोन गटांना सांगितलं, तुमच्यासाठी कदाचित प्रार्थना होईल, कदाचित होणार नाही. त्यांतल्या एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला प्रार्थना होणार हे निश्चित सांगितलं आणि ती केली. पहिल्या दोघांत गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण 52 आणि 51 टक्के. ज्यांना निश्चित ठाऊक होतं त्यांच्यात 59 टक्के! या प्रयोगात दोष आहे. घरचे लोक सगळ्यांसाठीच प्रार्थना करत असणार, त्यांना कोण थांबवणार? तेव्हा यावरून देव नाही असं ठरत नाही. आमचं लक्ष निकालानंतरच्या प्रतिक्रियेकडे होतं. कित्येकांनी म्हटलं, देवाची अशी परीक्षा घ्यायचीच नसते. निकाल उलटा आला असता तर हेच म्हटलं असतं का?

अँटनी फ्लू यांनी 1950 साली हाच प्रश्न विचारला होता. तुमच्या विधानाच्या विरुद्ध जाईल असं काहीच घडू शकत नसेल, तर ते विधान काय सांगतं? आम्ही तोच प्रश्न नैयायिकांच्या भाषेत असा ठेवू : देव एकदा दिसण्यायोग्य आणि एकदा अयोग्य, असं सोयीने करता येणार नाही. ताप उतरला की योग्य, चढला की अयोग्य, हे वादात चालत नाही. नवसाचा देव ठेवायचा तर त्याला तपासाला उभं करा. तपास नको असेल तर तापाचं श्रेय त्याला देऊ नका.

आता इथे थांबलो असतो तर व्याख्यान सोयीचं झालं असतं. पण क्लिफर्डबद्दल बोलल्याशिवाय हा विषय सोडणं बरं नाही.

डब्ल्यू. के. क्लिफर्ड इंग्रज गणिती, तेहतिसाव्या वर्षी गेला. 1877 मध्ये त्याने श्रद्धेच्या नीतीवर निबंध लिहिला. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणं हे सदासर्वदा, सगळ्यांसाठी अनैतिक आहे, असा त्याचा दावा. उदाहरण जहाजमालकाचं. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी अशी शंका मालकाच्या मनात येते. तो ती दाबतो, परमेश्वरावर हवाला ठेवतो, जहाज प्रवाशांसकट पाठवतो. ते बुडतं. मालक विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो. (क्लिफर्ड स्वतः 1870 मध्ये सूर्यग्रहण बघायला जाताना जहाज फुटून वाचला होता, हे त्या निबंधात नाही, पण वाचताना आठवतं.)

निबंधावर आमचा जुना आक्षेप असा की उदाहरण लहान आणि सिद्धान्त फार मोठा. जहाज तपासता येतं. सुतार बोलावून तळ ठोकून बघता येतो. तपासता येण्याजोग्या गोष्टीचं उदाहरण देऊन न तपासता येणाऱ्या सगळ्या श्रद्धांना त्याने गुन्हेगार ठरवलं. वर्गात आम्ही हे तीस वर्षं शिकवलं आणि मुलांनी परीक्षेत लिहून गुण घेतले. तो आक्षेप आजही आम्ही मागे घेत नाही. पण त्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे, ती आम्ही वर्गात कधी बोललो नाही.

1972 च्या जूनमधली गोष्ट. आमचा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा होता. ताप आला. गावात देवऋषी होता, त्याचा अंगारा लावला. आईने खंडोबाला नवस बोलला, पोरगं बरं झालं तर जेजुरीला पायी येईन, तळी भरीन. अंगाऱ्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून तालुक्याला नेलं. विषमज्वर होता. चार दिवसांनी तो गेला.

आम्ही तेव्हा घरीच होतो, बी.ए.ची परीक्षा देऊन, तर्कशास्त्र शिकून. अंगाऱ्याने विषमज्वर जात नाही हे आम्हाला ठाऊक होतं. पहिल्याच संध्याकाळी शंका मनात आली होती. बोलल्यावर आई दुखावेल, वडील चिडतील, शिवाय उद्यापर्यंत उतरेलही, असं म्हणून आम्ही ती गिळली. क्लिफर्डचा निबंध पुढे एम.ए.ला वाचला तेव्हा जहाजमालक कोण, हे समजायला वेळ लागला नाही. आईने प्रामाणिकपणे विश्वास ठेवला होता, तिच्याजवळ शंका नव्हतीच. शंका आमच्याजवळ होती.

उदयन म्हणतात, शंकेला मर्यादा असते. जिथे तुमची स्वतःची कृती शंकेला खोटं पाडते तिथे ती थांबते. धुरासाठी विस्तवच शोधणाऱ्याने धूर-विस्तवाच्या संबंधावर शंका घेऊ नये. श्रीहर्षांनी पुढे हाच युक्तिवाद उदयनांवर उलटवला, तो वेगळा विषय. पण आमच्या बाबतीत शंका खरी होती आणि कृतीने तिला खोटं पाडलं. या प्रकाराला न्यायशास्त्रात काय नाव द्यावं?

आणि आई. त्याच वर्षी चंपाषष्ठीला ती जेजुरीला पायी गेली. दुष्काळाचं साल, वाटेत जागोजाग दुष्काळी कामांवर बायाबापड्या खडी फोडत होत्या. बरोबर आत्या होती. आम्ही गेलो नाही. परत आल्यावर, आता लाज वाटते, पण आम्ही तिला विचारलं, "त्यानं तर ऐकलं नाही, मग तू कशाला गेलीस?" ती पाय शेकत बसली होती. म्हणाली, "त्यानं ऐकलं नाही म्हणून काय झालं? मी बोलले होते ना."

आम्ही आत्तापर्यंत म्हणत आलो की नवस हा तपासाचा विषय आहे. अंगाऱ्याच्या बाबतीत तो आहेच, त्यात आम्ही तसूभर मागे हटणार नाही. ते दोन दिवस आम्ही विसरलेलो नाही. पण आईच्या त्या चाळीस किलोमीटरच्या चालण्यात सिद्ध किंवा असिद्ध व्हावं असं कोणतं विधान होतं, ते पन्नास वर्षांत आम्हाला सापडलेलं नाही. तिने पुरावा मागितला नव्हता आणि दिलाही नव्हता. फ्लूच्या प्रश्नाला ती काय म्हणाली असती? बहुधा 'जेवून घे' म्हणाली असती.

विल्यम जेम्स यांनी 1896 मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं, ते पुढच्या वेळी घेऊ. जेम्स गोड बोलतात, तेव्हा जरा सावध राहून ऐकावं लागेल. आता कोणाचे प्रश्न असतील तर विचारा. मागच्या वेळच्या श्रोत्यांनी आधी विचारावा, त्यांचं आमच्याकडे देणं आहे.