मातांची साक्ष

अ‍ॅलिस स्ट्युअर्ट या ब्रिटिश महिला डॉक्टरांचे गेल ग्रीन यांनी लिहिलेले ‘द वुमन हू न्यू टू मच’ हे चरित्र १९९९ साली प्रसिद्ध झाले. या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तलेल्या मेहरबाई टाटा यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या निधीने दिलेल्या एक हजार पौंडांवर हे संशोधन सुरू झाले.

मुले कर्करोगाने का दगावतात, हे आयांनाच विचारावे, इतकी साधी बाईंची कल्पना. १९५३ ते १९५५ या काळात इंग्लंड व वेल्समध्ये गेलेल्या दहा वर्षांखालील मुलांच्या माता आणि तुलनेसाठी जिवंत मुलांच्या माता, दोघींनाही आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी तेच प्रश्न विचारले. घरी कोंबड्या होत्या का? मूल रंगीत गोळ्या खाई का? गरोदरपणी क्ष-किरण तपासणी झाली होती का? या शेवटच्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणाऱ्या माता पहिल्या गटात सुमारे दुप्पट निघाल्या. १९५६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले.

आक्षेप आला तो मातांच्या स्मरणशक्तीवर. शोकाकुल आई कारण शोधत बसते, म्हणून तिला जास्त आठवते, असे टीकाकार म्हणाले. आक्षेप पोकळ नव्हता. मुलाला मूठमाती देऊन परतलेल्या घरात मी बसलो आहे. आई नऊ महिन्यांतला एकेक दिवस उलटसुलट करून पाहते आणि दोष स्वतःकडे घेते. १९६० साली कोर्ट ब्राऊन व रिचर्ड डॉल यांच्या पाहणीतही संबंध आढळला नाही. परंतु १९६२ साली अमेरिकेत ब्रायन मॅकमॅहन यांनी कोणाही मातेला न विचारता रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, आणि धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक दिसला. पुढे १९९७ मध्ये डॉल यांनीही वेकफर्ड यांच्यासह हा संबंध मान्य केला.

ग्रीन यांची शैली ओघवती, पण बाईंच्या बाजूने त्या फार झुकतात; प्रतिपक्ष खलनायकासारखा उभा राहतो. मला अधिक खटकले ते निराळेच. ज्यांच्या साक्षीवर सारे उभे आहे, त्या मातांचा आवाज फारच थोडा ऐकू येतो. ‘होय, फोटो काढला होता’ असे सांगितलेल्या एखाद्या बाईने पुढे तो निष्कर्ष वर्तमानपत्रात वाचला असेल. त्या रात्री तिच्याजवळ कोण होते?