अभिप्राय आणि अभिरुची

कोणत्याही नव्या करमणुकीविषयी समाजात आधी मत तयार होते आणि परीक्षण मागाहून येते. पुष्कळदा ते येतच नाही. पॉडकास्ट, व्हिडिओ गेम, ॲप आणि आंतरजालावर रोज उगवणारी नवलाई यांच्या बाबतीत मराठीत सध्या असेच झाले आहे. मते विपुल आहेत, परीक्षण मात्र क्वचितच आढळते. हा विषय साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत कशाला, अशी शंका काही वाचकांस येईल. आमच्या मते हा विषय येथेच यावयास हवा. कारण प्रश्न यंत्रांचा नसून अभिरुचीच्या भाषेचा आहे.

तापीच्या मुखाजवळील हजीरा हे खत, पोलाद व नैसर्गिक वायू यांच्या कारखान्यांचे ठिकाण. खानदेशातून सुरतेस येऊन उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील तरुण येथे पाळीवर कामास येतात. कारखान्याच्या गाडीत बसले, की कोणी कानांत इअरफोन घालून ऐकत असतो, कोणी खेळत असतो. त्यांचे अभिप्राय ऐकावेत तर ‘भारी’, ‘बोअर’, ‘टाइमपास’ यांपलीकडे ते सहसा जात नाहीत. घरच्या वडीलधाऱ्यांचे अभिप्रायही तितकेच आखूड : ‘वेळेचा नाश’, ‘डोळे बिघडतात’. हे दोन्ही पक्ष वरकरणी परस्परविरुद्ध दिसले, तरी त्यांची जात एकच आहे. दोघेही वस्तूविषयी काहीच सांगत नाहीत. एक स्वतःला काय वाटले ते सांगतो, दुसरा आपल्याला कशाचे भय आहे ते सांगतो. स्वयंपाक कसा झाला, असे विचारल्यावर ‘पोट भरले’ किंवा ‘पित्त होईल’ असे उत्तर मिळावे, तशातला हा प्रकार. पदार्थाची चव दोन्ही उत्तरांत अनुल्लेखितच राहते.

कादंबरी मराठीत नवी होती तेव्हा तिच्याविषयीही अशीच मते प्रचलित होती. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कथांनी वाचकांस भुरळ घातली आणि विचारवंतांस चिंतेत टाकले. परंतु १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून या नव्या प्रकारांकडे परीक्षकाच्या दृष्टीने पाहिले. कादंबरी वाचावी की न वाचावी एवढ्यावर न थांबता, ती कशी असावी हा प्रश्न त्यांनी विचारला. पुढे १८९० मध्ये हरिभाऊ आपटे यांनी साप्ताहिक काढले, त्याचे नावच ‘करमणूक’. आणि त्याच साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ सारखी कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली. एकट्या परीक्षणाने हरिभाऊ घडविले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु चांगल्याची अपेक्षा शब्दांत मांडणारा कोणी नसेल, तर चांगले ओळखणारा वाचक तरी कोठून निर्माण व्हावा?

आता पॉडकास्ट घ्या. हा शब्द २००४ साली इंग्रजी वृत्तपत्रात प्रथम आला. वस्तू मात्र आपल्या कानांस सर्वस्वी अपरिचित नाही. कीर्तन, आख्यान आणि आकाशवाणीवरील श्रुतिका यांनी मराठी माणसाचा कान शतकानुशतके घडविला आहे. १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि त्यातील ५६ गीतांसाठी श्रोत्यांनी आठवड्यामागून आठवडे वाट पाहिली. आज वाट पाहण्याचे कारण उरले नाही. हवे ते हव्या वेळी ऐकता येते. ही सोय आहेच, पण तिच्याबरोबर रचनेचा एक जुना दंडकही गेला. ठराविक मिनिटांत संपवावयाचे असे, तेव्हा लेखकास निवड करावी लागे. मराठीतील मुलाखतवजा पॉडकास्ट कित्येकदा तास दोन तास चालतात. त्यांत माहिती असते, जिव्हाळाही असतो, परंतु कात्री चालविलेली दिसत नाही.

नारदीय कीर्तनाची चौकट येथे कसोटी म्हणून उपयोगी पडेल. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतो, उत्तररंगात त्याच अर्थाची कथा सांगतो, आणि शेवटी मूळ अभंगावर येतो. विषयांतर त्यालाही वर्ज्य नाही. पण कोठून निघालो याचा त्यास विसर पडत नाही. पॉडकास्टकाराने कीर्तन करावे असा आमचा आग्रह नाही. तासाभराच्या संभाषणास आरंभी हाती घेतलेले सूत्र असावे, आणि ऐकणाऱ्यास ते शेवटी परत मिळावे, एवढी अपेक्षा गैरवाजवी ठरू नये. ‘बोअर’ म्हणणाऱ्या तरुणास बहुधा याच सूत्राची उणीव जाणवलेली असते. तिला देण्यास त्याच्यापाशी नाव नसते. नाव देणे हे समीक्षकाचे काम आहे.

खेळांच्या बाबतीत तर मताचे रूपांतर थेट हुकुमात झाले. जानेवारी २०१९ मध्ये गुजरात शासनाने प्राथमिक शाळांत ‘पब्जी’स मज्जाव करण्याचे परिपत्रक काढले, मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी तो खेळण्यावर बंदी घातली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने इतर ११७ ॲपबरोबर तो देशभर बंद केला. परंतु त्याचे कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते. खेळाच्या गुणावगुणांशी त्याचा संबंध नव्हता. २०२१ मध्ये तोच खेळ नाव बदलून परत आला. अतिरेकी खेळण्याची चिंता निराधार आहे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा विकारास रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे. तथापि खेळ कितपत खेळावा हे सांगितल्याने खेळ कसा आहे हे कळत नाही.

खेळाचा आशय त्याच्या नियमांत असतो. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट पाहावा. त्यात शिडी हा सद्गुण, साप हा दुर्गुण, आणि पट संपतो तो मोक्षपदी. नियमांतूनच एक जीवनदृष्टी खेळणाऱ्याच्या हाती येते. ‘पब्जी’त शंभर जण एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, आणि शेवटी जो किंवा जो गट उरेल तो विजयी. येथेही एक जीवनदृष्टी आहे : जागा अपुरी आहे आणि दुसरा गेल्यावाचून आपण टिकत नाही. ती आम्हांस भयावह वाटते. पण न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मोक्षपटात सारे फाशांच्या दानावर अवलंबून असते, पुरुषार्थास तेथे वाव नाही. ‘पब्जी’त कौशल्य लागते, आणि चौघांच्या गटात एकमेकांस सावरावेही लागते. असे तोलून बोलणारा वडीलधारा घरात असेल, तर मुलगा त्याचे दोन शब्द ऐकेल. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली आणि ई-क्रीडेस मान्यता दिली. कायदाही खेळाखेळांत भेद करू लागला असता समीक्षेने ‘सारे खेळ सारखेच’ म्हणून स्वस्थ बसावे, हे शोभत नाही.

ॲपच्या जगात अभिप्रायाचे आणखी एक स्थित्यंतर घडले आहे. तेथे विशेषण जाऊन तारे आले. किराणा मागविण्याचे ॲप, कथा ऐकविणारे ॲप आणि फाशांचा खेळ, सर्वांस पाचपैकी किती, एवढाच प्रश्न. उत्तरपत्रिका तपासणारा प्रत्येक शिक्षक जाणतो, की गुणांच्या आकड्याने विद्यार्थ्याचा क्रम कळतो. त्याचे कोठे चुकले हे समासातील शेऱ्याने कळते. तारे म्हणजे शेऱ्यावाचून दिलेले गुण होत.

सुरतेपुरते बोलावयाचे, तर या प्रश्नाची निकड अधिक आहे. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तरीही पुष्कळ मराठी मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी अहिराणी किंवा मराठी बोलणाऱ्या अशा मुलास मराठी पुस्तक जड जाते, ऐकलेले मराठी मात्र सहज कळते. त्याच्यापुरते मराठी वाङ्मय कानाच्या दारानेच आत येणार. खानदेशच्याच बहिणाबाई चौधरींच्या ओव्या आधी कानांनी जगल्या आणि १९५२ साली ग्रंथरूपाने आल्या, हे स्मरले म्हणजे या दारास हलके लेखण्याचे कारण उरत नाही. पण त्या दाराने काय आत येत आहे, हे पाहणारा तेथे कोणी नको काय?

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. साहित्यसंस्थांनी आपल्या पत्रिकांत ग्रंथपरीक्षणाशेजारी श्राव्य रचना व खेळ यांच्या परीक्षणास नियमित जागा द्यावी. आणि शिक्षकांनी निबंधाच्या तासास कधीतरी ‘मला आवडलेला पॉडकास्ट’ हा विषय देऊन त्यात ‘आवडला’ हा शब्द वापरण्यास मनाई करावी. पहिल्या खेपेस वर्ग गप्प बसेल. मग एखादा मुलगा लिहील, की सांगणाऱ्याचा आवाज मध्येच थांबतो आणि आपण पुढचे शब्द शोधू लागतो. त्या वाक्याखाली गुण मांडण्यापूर्वी शिक्षकाने शेरा अवश्य लिहावा.